मालगाडी पुढे
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आत्ता सूत्रसंचालकांनी मला 'सायकलवीर' म्हटलं. ते आधी खोडून काढतो. गेल्या डिसेंबरात आपल्या वर्गातले आम्ही पाच जण सायकलवर अलिबागहून दापोलीला गेलो. त्याला सहा दिवस लागले. धडधाकट तरुण मुलं हे अंतर दोन दिवसांत सहज कापतात. त्यामुळे वीर वगैरे काही नाही. उलट इतके दिवस का लागले, तेच सांगायला उभा आहे.

माझा बेत तीन दिवसांचा होता. रोज किती किलोमीटर, कुठे चहा, कुठे मुक्काम, सगळं तक्त्यात मांडून ठेवलं होतं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, वर्गाचा मॉनिटर होतो. तेवढ्यात एक फोन आला. "मला न्याल का रे?" फोन करणाऱ्याचं नाव सांगत नाही, तो चौथ्या रांगेत बसलाय. आपण सगळे त्याला 'मालगाडी' म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्याची बायपास झाली, डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली होती, सहा महिने सराव चालू होता. मी म्हणालो, "बघू." म्हणजे नाही. आमच्यातल्या एका मैत्रिणीला हे कळलं तशी तिने मला सुनावलं, "तो नसेल तर मी पण नाही. आणि तो पुढे राहील. त्याला ओलांडून कुणी जायचं नाही."

झालं. तीनाचे सहा दिवस झाले आणि मी मागे गेलो.

समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, असं घाटावरच्या माणसाला वाटतं. तसं अजिबात नाही. गाव असतं खाली, नारळी-पोफळीत. गाव संपलं की रस्ता चढतो, वर जांभ्या दगडाचा सडा, उघडाबोडका, ऊन तापलेलं. मग पुन्हा उतार, पुन्हा गाव, नाहीतर खाडी. दिवसातून तीन-चार वेळा हेच. चढावर तो उतरून सायकल ढकलायचा आणि आम्हीही त्याच्या मागे ढकलायचो. पहिल्या दिवशी मला हे फार जड गेलं. पाय थकले म्हणून नाही. मागून येणारी कॉलेजची पोरं "काका, मदत पाहिजे का?" विचारत पुढे जायची, म्हणून.

बाई, तुम्ही आठवीत खारे वारे आणि मतलई वारे शिकवले होतेत. मी उत्तर पाठ केलं, मार्क मिळवले आणि विसरलो. साठाव्या वर्षी ते मला गालावर कळलं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा गार वारा डाव्या अंगाला लागायचा, कारण आम्ही दक्षिणेकडे चाललो होतो आणि समुद्र उजवीकडे होता. मग काही वेळ वारा पडायचा, पानही हलायचं नाही. अकराच्या सुमाराला उजव्या गालावर खारा वारा यायला लागायचा. तो आला की सायकली लावून टाकायच्या, असा आमचा नियमच झाला. उजाडता निघायचं, खाऱ्या वाऱ्याला थांबायचं. घड्याळ बघावं लागलं नाही.

पुढचा थांबला की मागच्यांना थांबावंच लागतं. हा माणूस कशालाही थांबतो. रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईला तो पाण्याची बाटली भरायला थांबला. तिथे दोन बायका आपसात बोलत होत्या. मराठी नव्हतं, कोकणीही नव्हतं. विचारलं तर त्यांनी हसून सांगितलं, ही आमची भाषा, 'नो लिंग'. पोर्तुगीजांनी १७४०मध्ये हा भाग सोडला, पण किल्ल्याखालच्या त्या वस्तीत पोर्तुगीजातून निघालेली त्यांची बोली आजही चालू आहे. मी कोर्लईवरून गाडीने किमान दहा वेळा गेलो असेन. दर वेळी काच वर होती.

दुसऱ्या दिवशी किनारा सोडून फणसाडच्या जंगलाकडे वळलो. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान, १९८६पासून अभयारण्य आहे. सुपेगावला सायकली ठेवल्या आणि वाटाड्याबरोबर पायी आत गेलो. ऐन, किंजळ, अंजनी, आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली, झाडाझाडांतून झोपाळ्यासारख्या लोंबलेल्या. जंगलातल्या पाणवठ्याला तिथे 'गाण' म्हणतात. एका गाणीजवळ आम्ही चौघं बिबट्याच्या पावलाचे ठसे शोधत खाली वाकलो होतो, आणि दम लागला म्हणून दगडावर बसलेला हा वर बघत होता. शेकरू त्यालाच दिसलं. त्याने हाक मारली नाही, नुसता हात वर केला. तांबूस पाठ, ती लांबलचक झुबकेदार शेपटी, या फांदीवरून त्या फांदीवर गेलं आणि पानांत मिटलं. आपल्या राज्याचा प्राणी मी तोवर फक्त पुस्तकात बघितला होता.

मुरुड, आगरदांडा, आणि जंगलजेटीतून पलीकडे दिघी. हा टप्पा भरभर सांगतो, कारण मला दिवेआगरला पोचायचंय.

दिवेआगरला सकाळी आम्ही वाडीतल्या रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंना पोफळी, पण काहीतरी चुकत होतं. मला ते कळलं नाही. तो थांबला आणि म्हणाला, "अरे, सगळी झाडं एकाच उंचीची आहेत. आपल्या शाळेच्या कवायतीसारखी." एका कुंपणाआड आजी सुपाऱ्या वाळत घालत होत्या, त्यांना विचारलं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात त्यांची जवळजवळ सगळी बाग आडवी झाली होती. काही झाडं सासऱ्यांच्या हातची होती. नवीन रोपं लावली, पण पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर काय? "तोवर पाणी घालायचं," आजी म्हणाल्या. त्यांनी आम्हाला श्रीवर्धनी रोठा सुपारी दाखवली, पांढरी, मऊ. वादळातून वाचलेल्या अकरा झाडांची होती ती. त्यांनी अकरा हा आकडा दोनदा सांगितला. समुद्रावरच्या सुरूच्या बनातही तेच दिसलं, मधूनच आभाळ उघडं. वादळाची बातमी मी तेव्हा टीव्हीवर चार दिवस बघितली होती. पाचव्या दिवशी विसरलो होतो.

तिथून शेखाडीमार्गे श्रीवर्धनचा रस्ता. त्याबद्दल बोलत नाही, फोटो मागच्या भिंतीवर लावलेत.

पाचव्या दिवशी बागमांडल्याला पोचलो तेव्हा वेश्वीची फेरीबोट नुकतीच सुटली होती. धक्क्यावर आम्ही दोघंच बसलो होतो, बाकीचे चहाला गेले होते. सावित्रीचं पाणी भरतीनं वर चढत होतं. आता सांगतो ते तुमच्यापैकी काहींना आठवेल.

१९८०ची दिवाळीची सुट्टी. आपण बारा जण पुण्याहून खडकवासल्याला सायकलने गेलो होतो, बहुतेकांच्या सायकली तासाच्या भाड्याने आणलेल्या. त्याची मात्र वडिलांची, जड. येताना धायरीच्या आसपास त्याची चेन तुटली. भाडं वाढत होतं, अंधार पडायला आला होता. मी म्हणालो, "येईल तो मागून." आपण निघून आलो. तो सायकल ढकलत रात्री साडेनऊला घरी पोचला. शाळा उघडल्यावर मी फळ्यावर मालगाडीचं चित्र काढलं. सगळे हसले, तोही हसला. ते नाव मी ठेवलंय. आज सकाळी नोंदणीच्या टेबलावर निदान तिघांनी त्याला त्याच नावाने हाक मारली.

धक्क्यावर मी म्हणालो, "त्या दिवशी तुला एवढं चालावं लागलं, ते चुकलंच माझं."

तो म्हणाला, "चालायला नाही रे इतका वेळ लागला. मी दीड तास तिथेच झाडाखाली बसलो होतो. वाटलं, कुणीतरी परत येईल."

चव्वेचाळीस वर्षं मला वाटत होतं की तो हळू चालला म्हणून त्याला उशीर झाला.

मी काही बोललो नाही. फेरीबोट आली. त्याने सायकल उचलली, मी मागून कॅरिअर धरलं, आम्ही चढलो. पलीकडे वेश्वीला उतरल्यावर चढ आहे. त्याने चढाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॉनिटर, चल, ढकल."

केळशी, आंजर्ले, हर्णै करत सहाव्या दिवशी दापोलीला पोचलो. आसूदच्या उतारावर तो पहिल्यांदा आमच्यापुढे खरोखरच वेगात गेला आणि खाली पऱ्ह्याजवळ पाण्यात पाय सोडून बसलेला सापडला.

तेव्हा त्याची माफी मागायची राहून गेली. धक्क्यावर जे बोललो ते अर्धंच होतं. ज्या वर्गासमोर ते चित्र काढलं, त्या वर्गासमोर आज मागतो. नावाचं काय करायचं ते त्याने ठरवावं. सकाळी मी विचारलं तर म्हणाला, "राहू दे, पण आता ते पुढे धावणाऱ्या गाडीचं नाव आहे."

येत्या जानेवारीत आम्ही दाभोळच्या धक्क्यावरून पुढे निघतोय. धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळ, खाडी ओलांडून जयगड. दिवसाला तीस किलोमीटर, फार तर पस्तीस. गिअरची सायकल असावी, पंक्चर काढता यावं, नाही आलं तर शिकवू. सर, तुम्ही टेम्पोतून आलात तरी चालेल. दोन जागा शिल्लक आहेत. नाव नोंदवायला माझ्याकडे येऊ नका. वही त्याच्याकडे आहे, चौथ्या रांगेत.