दुखणं अंगावर काढताना

हडपसरच्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय. एरवी या वेळेला आम्ही हप्ते, व्याज, बँकेचं खातं असलंच काही सांगत असतो. आज विषय जरा वेगळा आहे. आसपास पुरुष मंडळी असतील तर रेडिओ बंद करू नका, त्यांनाही ऐकू द्या.

गेल्या महिन्यात गाडीतळाजवळच्या एका गटाची बैठक होती. एका ताईंनी पाच हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "घरखर्च लिहा." बैठक उठली, आणि चपला घालता घालता हळूच म्हणाल्या, अंगावर पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, दोन वर्षं झाली. दोन वर्षं! दर महिन्याला आम्ही त्यांच्या शेजारी बसून वही तपासत होतो. त्यांचा हप्ता कधी चुकला नाही, म्हणून आम्हीही कधी काही विचारलं नाही.

तेव्हा आम्हांला डॉ. राणी बंग यांच्या कामाची आठवण झाली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. नागपूरला डॉक्टरकी शिकल्या, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकल्या. एवढं शिकून पती डॉ. अभय बंग यांच्यासोबत त्या गडचिरोलीला गेल्या आणि तिथं 'सर्च' ही संस्था काढली. त्या काळी बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरत. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. जवळजवळ निम्म्या बायका तर म्हणत होत्या, आम्हांला काही त्रासच नाही!

गडचिरोलीत तेव्हा डॉक्टर दूर होते, असं म्हणता येईल. पण हडपसरात तर पावलापावलावर दवाखाना आहे. मग आमच्या ताई दोन वर्षं का थांबल्या?

राणीताईंची आम्हांला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या आधी ऐकायला बसल्या. बायका आपल्या दुखण्याला काय म्हणतात, त्याचं कारण काय समजतात, हे त्या त्यांच्याकडूनच शिकल्या. त्यांचं 'कानोसा' हे पुस्तक त्याच बोलण्यातून आलंय. डॉक्टरीण शिकणारी आणि गावातली बाई शिकवणारी!

शिकवणं उलट दिशेनंही झालं. लहान बाळाला न्यूमोनिया झाला की श्वास जलद चालतो, तो मोजावा लागतो. पण गावच्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नसत, दहापर्यंत येत. मग बंग पतिपत्नींच्या संस्थेत मण्यांचं एक साधन तयार झालं. सोबत एक मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया समजायचा. सुईणीला अडाणी म्हणून बाजूला न सारता तिच्या हाताला जमेल असं साधन करणं, याला आम्ही खरं शिक्षण म्हणतो.

पुढे थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. बाळाचं वजन, ताप, दूध ओढणं बघायचं आणि जंतुदोष झाला तर इंजेक्शनही द्यायचं. पुष्कळ डॉक्टरांना हे पटलं नव्हतं. पण ३९ गावांतल्या या कामाचा निकाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्येच आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले होते. आज आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी अशी बेचाळीस दिवसांपर्यंत आशाताई येते, त्या योजनेचं मूळ तिथं आहे. आणि आपण तिला दारातूनच "सगळं बरं आहे" म्हणून वाटेला लावतो. आम्हीही लावलंय.

आता थोडं कामाचं. थोडं पांढरं जाणं हा आजार नव्हे. पण वास येत असेल, खाज असेल, रंग बदलला असेल, ओटीपोटात दुखत असेल, तर तपासून घ्या. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका. बऱ्याच तक्रारी औषधांनी बऱ्या होतात. कोणी लगेच पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारा.

त्या ताईंसोबत आम्ही दोघी गेलो. जंतुदोष निघाला, नवराबायको दोघांनाही गोळ्या दिल्यात. नवऱ्याला तयार करायलाच चार दिवस गेले. परवाच्या बैठकीत ताईंनी वही मागून घेतली, 'घरखर्च' खोडलं आणि स्वतःच्या अक्षरात 'औषधपाणी' लिहिलं. मग शेजारच्या मावशी म्हणाल्या, "माझंही एक विचारायचं होतं." त्या दिवशी हप्ते गोळा करायला रात्रीचे नऊ वाजले.