घरबसल्या विमान आणि पाण्याखालचे गाव

विमान चालविण्याची हौस पुष्कळांना असते. परंतु ती पुरविण्याचे सामर्थ्य फार थोड्यांच्या ठायी असते. निवृत्त शाळामास्तराने तर अशी हौस मनातच ठेवावी, हे बरे. असे असूनही गेल्या काही वर्षांत मी बारामतीच्या धावपट्टीवरून शेकडो वेळा आकाशात चढलो आहे, आणि विजेचे बिल सोडले तर त्यापायी मला एक पैचाही खर्च आलेला नाही. उघडच आहे की, हे विमान संगणकाच्या पडद्यावरचे आहे. ज्या कार्यक्रमामुळे हे साधते त्याचे नाव फ्लाइटगिअर.

बाजारात मिळणाऱ्या अशा कार्यक्रमांनी ज्यांचे समाधान होईना, अशा काही हौशी मंडळींनी १९९६ साली हा उद्योग आरंभिला. त्यांनी आपली कृती जीएनयूच्या मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली केली. पूर्वी पोथ्या उतरवून घेत, त्याची येथे आठवण होते. पोथी कोणीही उतरून घ्यावी, वाचावी, चूक आढळल्यास सुधारावी आणि पुढे द्यावी. अट एवढीच की, पुढे देताना ती कडीकुलुपात घालू नये. ज्या मोकळेपणाने ती आपल्याला मिळाली, त्याच मोकळेपणाने ती दुसऱ्याला मिळाली पाहिजे.

आता विमान उडू लागले, की खाली भूमी हवी. ती कोठून येते? या कार्यक्रमात सारी पृथ्वी अक्षांश-रेखांशांच्या एकेका अंशाच्या चौकोनांत विभागलेली आहे. आपल्या प्रदेशात अशा एका चौकोनाचे आणखी ६४ तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा दक्षिणोत्तर सुमारे १४ किलोमीटर आणि पूर्वपश्चिम सुमारे १३ किलोमीटर. जमिनीच्या उंचीची मापे मुख्यतः फेब्रुवारी २००० मधील आहेत. त्या महिन्यात एंडेव्हर या अमेरिकन अंतराळयानाने ११ दिवस पृथ्वीप्रदक्षिणा करून रडारच्या साहाय्याने भूपृष्ठ मोजले. रस्ते आणि नद्या घ्यावयाच्या तर २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच रचलेला नकाशा हाताशी असतो.

एवढे असूनही ही भूमी परक्याने पाहिलेली भूमी आहे. उंचीच्या प्रचलित मापांतील दोन बिंदूंत सुमारे ९० मीटरांचे अंतर असते. सह्याद्रीचा उभा तुटलेला कडा दोन बिंदूंच्या मध्ये हरवतो आणि त्याचा सौम्य उतार होऊन बसतो. गावाच्या जागी घरे दिसतात, पण ती कोणत्याही गावाची असू शकतील अशी. देऊळ, पार, वेस, शाळा हे अंतराळातून कोणी पाहावे? ते काम तेथे वावरलेल्या माणसाचे.

ते काम फारसे अवघडही नाही. ब्लेंडर नावाचा दुसरा एक विनामूल्य कार्यक्रम आहे. त्यात देवळाची आकृती रचावी, भिंतींवर आपणच काढलेली छायाचित्रे चिकटवावी, आणि मग त्या तुकड्याच्या यादीत एक ओळ लिहावी: आकृतीचे नाव, रेखांश, अक्षांश, उंची आणि तोंडाची दिशा. येथे माझी एक फजिती सांगतो. जन्मभर मुलांना ‘आधी अक्षांश, मग रेखांश’ असे घोकविलेला मी. तीच सवय येथे नडली. देऊळ भीमेच्या काठी काही दिसेना. दोन दिवस शोधल्यावर उमगले की, आकडे उलट पडल्यामुळे ते नॉर्वेच्या उत्तरेकडील थंड समुद्रावर जाऊन बसले होते!

आता ज्यासाठी मी आज बोलावयास बसलो, ती गोष्ट. आमचे गाव भीमेच्या काठी, भिगवणच्या अंगाला. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि गाव पाण्याखाली गेले. तेव्हा मी विशीच्या आतबाहेर होतो. लोक वर माळावर नव्या वसाहतीत राहावयास गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे देवळाचे शिखर तेवढे डोके वर काढते.

अंतराळयानाने येथे पाहिले ते तलावाचे पाणी. पाणी भेदून तळ पाहणे त्याच्या रडारला साध्य नव्हते. मी मात्र धरणापूर्वीचा एक जुना नकाशा मिळविला, त्यावरील समोच्च रेषांवरून जमिनीचा तेवढा भाग पुन्हा घडविला, आणि त्यावर देऊळ, वेस आणि आमचा वाडा मांडला. वडील बंधूंना, आम्ही त्यांना दादा म्हणतो, शेजारी बसवून बारामतीहून विमान उडविले. सात-आठ मिनिटांत आम्ही गावावर आलो. दादांनी ऐंशी ओलांडली आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, वाडा देवळाच्या पूर्वेला नव्हता, आग्नेयेला होता. आणि पारावरचा पिंपळ कुठे गेला?” मी वाडा सरकविला, पिंपळ लावला. तेव्हा ते म्हणाले, “हे आता सगळ्यांना पाठव. जगाला कळू दे की आपलं गाव होतं.”

मी म्हटले, “दादा, ते मला पाठवता येणार नाही.” ते रागावले, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

परंतु माझा निरुपाय होता. जगभरचे लोक आपल्या हातची रचना ज्या सामायिक संग्रहात घालतात, त्याचा आधार परस्परांचा विश्वास हाच आहे. ज्या नकाशाचे हक्क दुसऱ्याचे, त्यावरून उतरलेली जमीन त्यात घालणे अप्रामाणिकपणाचे. शिवाय जेथे आज पाणी आहे तेथे मी गाव दाखविले, तर दुसऱ्याने दाखविलेल्या टेकडीवर मी कोणत्या तोंडाने विश्वास ठेवू?

मुक्ततेचा खरा अर्थ मला तेव्हा उमगला. या कार्यक्रमात आपली खाजगी भूमी वेगळ्या कप्प्यात ठेवता येते, आणि तो कप्पा जोडला की सामायिक भूमीऐवजी तीच दिसते. जुने गाव मी त्या कप्प्यात ठेवले. ज्या नातलगांनी मागितले, त्यांना दाखवितो. सामायिक संग्रहासाठी मात्र मी नव्या वसाहतीतील शाळा आणि पाण्याची टाकी रचली. जागेवर जाऊन, पावलांनी मोजून.

तिसऱ्या दिवशी दादा आपण होऊन आले. शाळेची आकृती त्यांनी निरखून पाहिली आणि म्हणाले, “दार उत्तरेला काढलंस. ते ईशान्येला आहे.” मी ते फिरविले.

श्रोतेहो, आपल्याही गावात एखादी वेस, एखादा बुरूज, एखादी शाळा असेल. ती अंतराळातून कोणी पाहिलेली नाही. ती आपण पाहिलेली आहे. सवड काढून ती मोजा, आणि जशी आहे तशीच जगाच्या हाती द्या.