अठरा वर्षांची बाटली की पाच टन ऊस?

आज इअरफोन लावूनच ऐका, कारण विषय घरात स्पीकरवर वाजवण्यातला नाही. विषय आहे सिंगल माल्ट स्कॉच. १२ वर्षांची बाटली एका भावात, १८ वर्षांची जवळपास तिप्पट भावात आणि २५ वर्षांची तर विचारूच नका. मग जास्त वर्षांची म्हणजे खरंच जास्त चांगली का? एवढे पैसे घालावेत का?

सुरुवातीलाच सांगतो, मी दारूचं कौतुक करायला बसलेलो नाही. मी उजनीच्या बॅकवॉटरकाठचा, करमाळा तालुक्यातला. दारूपायी बसलेली घरं मी लहानपणापासून बघितलीत. महाराष्ट्रात असली कडक दारू प्यायला २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवाना लागतो, तेही लक्षात ठेवा. पण माझ्यासारखी गावातून पुण्याला आलेली, आयटीत लागलेली पोरं पहिल्या बोनसला काय घेतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मीही घेतली. ती गोष्ट नंतर सांगतो, आधी गणित.

स्कॉचचा कायदा असा आहे की दारू स्कॉटलंडमध्येच गाळायची आणि ओकच्या लाकडी पिंपात कमीत कमी ३ वर्षं मुरवायची. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या भट्टीत गाळलेली. बाटलीवर १२ लिहिलंय म्हणजे आतली सगळ्यात तरुण दारू १२ वर्षांची. आणि हे वय फक्त पिंपातलं बरं का. बाटलीत भरली की वय थांबलं. काकांनी कपाटात २० वर्षं जपून ठेवलेली १२ वर्षांची बाटली आजही १२ वर्षांचीच.

आता पिंपात काय होतं? लाकडातून रंग येतो, व्हॅनिलासारखा गोडवा येतो, कच्च्या दारूचा भपका कमी होतो. आणि लाकडातून दरवर्षी थोडी दारू उडून जाते. तिकडं त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला साधारण २ टक्के धरतात. मी इंजिनिअर माणूस, लगेच लूप चालवला. २०० लिटरचं पिंप १२ वर्षांनी १५७ लिटर उरतं. १८ वर्षांनी १३९. २५ वर्षांनी १२१.

म्हणजे बघा, १२ ते १८ मध्ये माल कमी झाला फक्त १८ लिटर. तेवढ्यानं भाव तिप्पट होत नाही. मग भाव कशानं वाढतो? एक म्हणजे व्याज. पैसा पिंपात अडकलाय. नुसतं ८ टक्के धरलं तरी १०० रुपयांचे १२ वर्षांनी २५२ होतात आणि १८ वर्षांनी ४००. सोसायटीचं कर्ज काढलेल्याला हे समजावून सांगायला नको. दुसरं म्हणजे तुटवडा. आज १८ वर्षांची जितकी विकायची, तितकी १८ वर्षांपूर्वी भरून ठेवलेली असायला लागते. मागणी आज वाढली म्हणून मागं जाऊन पिंपं भरता येत नाहीत. तिसरं म्हणजे मिरवणं. जड काच, लाकडी खोका, गिफ्ट द्यायला बरं दिसतं.

आणि चौथं, आपलं खास भारतातलं कारण. टॅक्स. विलायती व्हिस्कीवर केंद्राची कस्टम ड्युटी १५० टक्के होती. वर राज्याचा कर. महाराष्ट्रानं २०२१ च्या नोव्हेंबरात आयात स्कॉचवरचा उत्पादन शुल्काचा दर ३०० टक्क्यांवरून १५० वर आणला, तरी तो आहेच. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला, त्यात कस्टम ड्युटी आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलं. मुद्दा असा, की कर टक्क्यांत लागतो. तिकडं दोन बाटल्यांत १०० रुपयांचा फरक असेल, तर १५० टक्के ड्युटीनं तो इथं बंदरावरच २५० होतो. त्यातला कितीतरी भाग वयाचा नसतोच, टॅक्सचा असतो.

बरं, चवीचं काय? इथं लोक गफलत करतात. वय म्हणजे मार्क नव्हेत. जास्त वर्षं म्हणजे जास्त लाकूड. ते एका मर्यादेपर्यंत छान लागतं, पुढं तुरट, कडसर होतं. धुराचा वास असलेल्या आयला बेटाच्या माल्टमध्ये वय वाढेल तसा धूर उतरत जातो. ज्याला धूर आवडतो, त्यानं जास्त पैसे देऊन कमी धूर विकत घ्यायचा, असा तो प्रकार. मऊपणा हवा असेल तर १८ वर्षांची छानच लागेल. पण तो आवडीचा प्रश्न झाला.

आता आपल्या उन्हाकडं या. बंगळूरची 'अमृत' ही जगदाळे घराण्याची कंपनी, १९४८ ची. त्यांनी २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली. म्हणजे पंढरपुरात जाऊन बडवे मंडळींना अभंग शिकवण्यासारखं. जिम मरे नावाचा व्हिस्कीवर लिहिणारा माणूस आहे, त्यानं २०१० च्या पुस्तकात 'अमृत फ्यूजन'ला जगात तिसरा नंबर दिला. गोव्याची 'पॉल जॉन' २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये उतरली. आपल्या उष्णतेत देवदूत भलतेच हावरट असतात, वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास उडते. तोच लूप चालवा. २०० लिटरचे ५ वर्षांत ११८ उरतात. स्कॉटलंडला तेवढी उडायला २५ वर्षं लागतात. चव तशीच होते असं नाही, पण लाकूड इथं झपाट्यानं उतरतं. म्हणून आपल्या बहुतेक माल्टवर वयाचा आकडाच नसतो. ५ लिहिलं तर गिऱ्हाईक नाक मुरडणार.

हे सगळं मला आज कळतंय. मे २०२४ मध्ये कळत नव्हतं.

तेव्हा प्रमोशन झालं, बोनस आला. रूमवरच्या पोरांना म्हटलं, आता साधी नाही, १८ वर्षांची. पावणेसोळा हजारांना बाटली आणली. फोटो काढला, स्टेटसला टाकला. घरच्यांना हाईड करून, अर्थात.

त्याच आठवड्यात आण्णांचा फोन. तुम्हाला आठवत असेल, त्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये खोल गेलं होतं. धरण ११७ टीएमसीचं, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. मायनस म्हणजे त्या मृतसाठ्यातलं पाणी संपत चाललंय. पाणी मागं सरकलं की काठच्या शेतकऱ्याला मोटर उचलून पुढं न्यायला लागते, पाइप जोडायला लागतात, केबल वाढवायला लागते. आण्णा म्हणाले, "पाणी लई लांब गेलंय. पाइपाला नि केबलला पंधरा-वीस हजार लागतील. जमंल का तुला? ऊस वाळाय लागलाय."

मी म्हणालो, "आण्णा, ह्या महिन्यात जरा टाइट आहे. पुढच्या महिन्यात देतो."

बाटली समोर टेबलावर होती.

ते "बरं, बघतो मी" एवढंच म्हणाले. ते असं म्हणतात, तेव्हा त्यांनी कुणाकडून तरी उसने घेतलेले असतात.

शनिवारी आम्ही पाच जण बसलो. बाटली दाखवून ओतली, तेव्हा सगळे "वाह, क्या बात है". मग मला ऑफिसमधली खोड सुचली, ए-बी टेस्ट करू. १२ वर्षांची स्कॉच, १८ वर्षांची स्कॉच आणि गोव्याची 'पॉल जॉन'. एकसारखे ग्लास, खाली स्टिकर, एक जण ओतणारा, बाकी चौघे ओळखणारे. सगळ्यात चांगली कुठली, ते चिठ्ठीवर लिहायचं. दोघांनी गोव्याची लिहिली, एकानं १८ ची. आणि मी लिहिली १२ ची! जिच्यासाठी आण्णांना नाही म्हटलं, ती मला ओळखूसुद्धा आली नाही.

चार जणांची टेस्ट म्हणजे काही पुरावा नाही, हे मान्य. शिवाय गोव्याची ४६ टक्क्यांची होती, तिची चव जास्त उठून येणारच. पण वाईनवर असे मोठे अभ्यास झालेत. २००८ मध्ये सहा हजारांहून जास्त चाचण्यांचा हिशोब मांडला गेला. किंमत लपवली, की सामान्य माणसाला महाग वाईन जास्त आवडते असं दिसलं नाही, उलट किंचित कमीच आवडली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात एकच वाईन दोन किमती सांगून दिली, तर महाग सांगितलेली लोकांना जास्त आवडली आणि मेंदूतला आनंदाचा भागही जास्त पेटला. म्हणजे किंमत आपण नुसती देत नाही, पितोसुद्धा.

त्या हंगामात उसाची एफआरपी टनाला ३१५० रुपये होती. पावणेसोळा हजार म्हणजे बरोबर पाच टन ऊस, तोही तोडणी-वाहतूक कापायच्या आधीचा. वर्ष-दीड वर्ष रानात उभा असलेला.

जूनमध्ये गावी गेलो तेव्हा पैसे दिले आणि बाटलीचंही सांगून टाकलं. बॅकवॉटरच्या भेगाळलेल्या गाळात उभे होतो दोघं. वाटलं, आता बोलतील. आण्णांनी आधी विचारलं, "कितीची व्हती?" मी सांगितलं. मग म्हणाले, "अठरा वर्षं ठेवत्यात? मग निम्मी उडत असंल की." म्हटलं, "तिसरा हिस्सा जातो." ते पाण्याकडं बघत म्हणाले, "ह्यातलं बी उडतंय रोज. पर आपून सांगितलं असतंस तर बरं झालं असतं." बास. पाइप किती लांबवले, ते दाखवायला पुढं गेले.

तर मंडळी, माझं उत्तर. १२ वर्षांची चांगली माल्ट आणि १८ वर्षांची, यात फरक असतो, पण तिप्पट नसतो. घ्यायचीच असेल तर आधी बारमध्ये ३० मिलीचा एक पेग घेऊन बघा, भाव झाकून, मित्राला ओतायला सांगून. ओळखू आली आणि आवडली, तर घ्या, तुमचे पैसे आहेत. आपल्या देशी माल्टला एक चान्स द्या. २५ वर्षांच्या पुढं तुम्ही चव नाही, दुर्मिळपणा विकत घेताय.

आणि बाटली उघडायच्या आधी घरी एक फोन करा. कुणाला काही लागतंय का, एवढंच विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.