घर विकणारा एक, सह्या करणारे किती?

जुने घर विकत घेण्यास निघालेला मनुष्य पहिल्या भेटीत काय काय विचारतो, ते ऐकण्यासारखे असते. नळाला पाणी किती दिवसांनी येते, भिंत मातीची की विटांची, तुळयांना वाळवी लागली आहे काय, गाडी दारापर्यंत येते काय, आणि शेवटी, दरात काही कमी-जास्त होईल काय. एवढी चौकशी झाली की विसाराची रक्कम खिशातून बाहेर येते. समोर बसलेल्या गृहस्थाला हे घर विकण्याचा अधिकार कोठून आला, हा प्रश्न मात्र ओठांवर येत नाही. आलाच तर उद्धटपणा वाटेल म्हणून तो गिळला जातो. पुढे जे दावे उभे राहतात, त्यांचे मूळ बहुधा ह्या गिळलेल्या प्रश्नात असते.

एक कल्पित उदाहरण घ्यावे. बेळगावच्या शहापूर भागात एका गृहस्थाने मागावरच्या कमाईतून घर बांधले. 1988 साली तो मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, तीन मुलगे व दोन मुली. मुलींची लग्ने झालेली. एक कोल्हापूरला, दुसरी हुबळीला. थोरल्या मुलाने महापालिकेत अर्ज देऊन खाते आपल्या नावावर करून घेतले आणि तेव्हापासून घरपट्टी तोच भरीत आला. काही वर्षांनी आई वारली, त्यानंतर मधला भाऊही गेला. त्याची पत्नी व शाळेत जाणारा मुलगा मागे राहिला. आता थोरला भाऊ घर विकावयास काढतो, खाते-उतारा आणि पट्टीच्या पावत्यांची चळत पुढे ठेवतो आणि म्हणतो, ‘घर माझ्या नावावर आहे.’

तो खोटे बोलतो असे नाही. त्याची तशी प्रामाणिक समजूत असते, आणि हीच अडचणीची गोष्ट होय. पालिकेच्या दप्तरातील नाव हे कर कोणाकडून वसूल करावयाचा एवढेच सांगते. अशा नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक वेळा स्पष्ट केले आहे. एका सहमालकाचा ताबा हा सामान्यतः सर्वांच्या वतीने असलेला ताबा समजला जातो. तेव्हा तीस वर्षे पट्टी भरली म्हणून बहिणींचा हिस्सा विरघळून जात नाही.

मुलींचा हक्क 2005 सालच्या दुरुस्तीने आला, असे पुष्कळांस वाटते. ते अर्धेच खरे आहे. पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसल्यास, विधवा, आई, मुलगे व मुली ह्यांना सारखा वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिला. वरील उदाहरणात 1988 साली घराचे सहा वाटे झाले, आणि आईच्या पश्चात तिचा वाटा मुलांत व मुलींत सारखा विभागून प्रत्येकाकडे एक पंचमांश आला. थोरल्या भावाचे घरात आहे ते एवढेच. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा प्रश्न वेगळा होता. तेथे कर्नाटकाने 1994 साली मुलींना सहदायाद मानले, पण त्याआधी विवाह झालेल्या मुलींना वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद काढून टाकला, आणि त्या वर्षी पिता हयात असणे आवश्यक नाही, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री मात्र त्याने मोडत नाहीत. ‘आमची वाटणी तोंडी झाली होती’ हे विधान न्यायालय आता सहजासहजी मान्य करीत नाही.

थोरल्याच्या एकट्याच्या सहीने खरेदीखत झाले तर खरेदीदाराला काय मिळते? पैसे साऱ्या घराचे दिले तरी मिळतो एक पंचमांश. आणि तोही मोठ्या कष्टाने उपभोगण्याजोगा. मिळकत हस्तांतरण कायदा 1882 सालचा आहे. त्याच्या 44 व्या कलमाप्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेतला, तर त्याला घरातील माणसांबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावावा. दावा लावला की 1893 च्या वाटणी कायद्याखाली कुटुंबातील हिस्सेदार म्हणू शकतो की, ह्याचा हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीला मीच घेतो. म्हणजे घर घ्यावयास निघालेला मनुष्य कित्येक वर्षांनी पैसे घेऊन परत जातो.

ह्यावर सांगितला जाणारा तोडगा असा, की बहिणींची संमती शंभर रुपयांच्या कागदावर लिहून नोटरीचा शिक्का घ्यावा. त्या कागदाने हिस्सा सुटत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावरावरील हक्क सोडावयाचा, तर हक्कसोडपत्र योग्य मुद्रांकावर होऊन नोंदले गेले पाहिजे, असे 1908 चा नोंदणी कायदा सांगतो. त्यापेक्षा बहिणींनी विक्रेत्या म्हणूनच खरेदीखतावर सह्या कराव्यात, हे सरळ. वृत्तपत्रातील जाहीर नोटिशीचाही असाच गैरसमज आहे. ती अवश्य द्यावी. दडलेला हक्कदार कधी कधी तिच्यामुळे पुढे येतो. पण हुबळीच्या बहिणीने ती वाचली नाही अथवा वाचून उत्तर दिले नाही, एवढ्याने तिचा पंचमांश नाहीसा होत नाही.

मधल्या भावाच्या मुलाकडे लक्ष फारसे कोणी देत नाही. तो अज्ञान आहे. वडिलांच्या हिश्श्यात त्याचा निम्मा वाटा आहे. त्याची आई नैसर्गिक पालक खरी, परंतु 1956 च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या आठव्या कलमान्वये न्यायालयाच्या परवानगीवाचून तिला हा वाटा विकता येत नाही. विकला तर तो मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत विक्री रद्द करून मागू शकतो. परवानगीस वेळ लागतो म्हणून दलाल तो टाळावयास सांगतात. नंतर न्यायालयात मात्र दलाल उभा राहत नाही.

बेळगावकरांना गोव्याशी व्यवहार नवा नाही. तिकडची माणसे इकडे घरे घेतात आणि इकडची तिकडे. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे, आणि वारसाहक्कापुरता तिच्या जागी गोव्याचा स्वतःचा 2012 चा कायदा आता आहे. विवाहापूर्वी निराळा करार नसेल तर पती-पत्नींची संपत्ती सामाईक होते, वारसाने आलेलीसुद्धा. म्हणून तेथील खरेदीखतावर भावाबरोबर भावजय आणि बहिणीबरोबर मेहुणाही सही करताना दिसतो. बाहेरच्यास ती गर्दी अनावश्यक वाटते. एक सही राहिली की तिचे मोल कळते. शिवाय मुले असल्यास मृत्युपत्राने निम्म्याच संपत्तीची व्यवस्था लावता येते. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, गोव्याच्या अधिवासी माणसाची मिळकत भारतात कोठेही असली तरी तिच्या वारसाला गोव्याचाच कायदा लागू होतो. तेव्हा घर टिळकवाडीत असले तरी मालक फोंड्याचा की बेळगावचा, हे विचारणे प्राप्त आहे.

विसारपावती व मुखत्यारपत्र ह्यांविषयी थोडेच सांगावयाचे आहे. साठेखताने घरात हक्क निर्माण होत नाही. पुढे खरेदीखत करून मागण्याचा अधिकार मात्र मिळतो. मुखत्यारपत्र देणारा मरण पावला की सर्वसाधारणपणे ते संपते. मुखत्यारपत्र, करार व मृत्युपत्र अशी तीन कागदांची जुडी म्हणजे विक्री नव्हे, हे 2011 पासून निर्विवाद झाले आहे. परदेशी असलेल्या बहिणीने मात्र तेथील नोटरी वा भारतीय वकिलातीसमोर सही केलेले मुखत्यारपत्र पाठविल्यास तिच्या वतीने दस्त नोंदविता येतो. सगळ्यांना एकाच दिवशी उपनोंदणी कार्यालयात जमविणे हेही आवश्यक नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीस सादर करता येतो.

राहिला पैशाचा प्रश्न. सारी रक्कम थोरल्या भावाच्या हाती द्यावी, तो वाटून देईल, असे घरोघरी ठरते. मालकी खरेदीदाराकडे गेल्यावरही ज्या विक्रेत्याची किंमत पुरी चुकती झाली नाही, त्याचा तेवढ्या रकमेचा बोजा घरावर राहतो, असे 55 वे कलम म्हणते. म्हणून प्रत्येक हिस्सेदाराचा धनादेश त्याच्या स्वतःच्या नावाचा असावा आणि त्याचा क्रमांक, तारीख व रक्कम खरेदीखतात लिहिलेली असावी; कोल्हापूरच्या बहिणीचाही, आणि न्यायालयाने सांगितलेल्या खात्यात त्या शाळकरी मुलाचाही.