कोणती सेवा मला साजेल?
(महोत्सवानिमित्त भरलेल्या युवक-युवतींच्या मेळाव्यातील भाषण)



गेला महिनाभर तुम्ही मांडव घातला, पताका लावल्या, पाहुण्यांस पाणी दिले. आता मांडव उतरेल, आणि तुमच्यापैकी काहीजण विचारतील, “फादर, आता आम्ही काय करावे?”

हा प्रश्न मला पूर्वी एकदा विचारण्यात आला, तेव्हा मी फार घाईने उत्तर दिले. एका अबोल मुलास मी धर्मग्रामातील वृद्धांच्या भेटीस धाडले. तो दोनदा गेला, दोन्ही वेळा खुर्चीच्या कडेवर बसून परतला, आणि पुढे चर्चच्या आवारातही दिसेना. दोष त्याचा नव्हता. मी काम पाहिले होते, मुलास पाहिले नव्हते.

दोन वर्षांनी, तो नववीत असताना, एका अंध मुलीस दहावीच्या परीक्षेसाठी लेखनिक हवा होता. या कामी लेखनिक खालच्या इयत्तेतील असावा लागतो. पदवीधर शिक्षक तेथे चालत नाही, नववीचा विद्यार्थी चालतो. म्हणजे हे काम जणू तुमच्याच वयासाठी राखलेले आहे! भीतभीतच मी त्याच्या घरी गेलो. कित्येक शनिवार ती दोघे सरावास बसली. प्रश्न स्पष्ट वाचावा, ती सांगेल तेच उतरवावे, आपले शहाणपण त्यात मिसळू नये, एवढेच त्याने करावयाचे होते. जो अबोलपणा वृद्धांच्या घरी अडचण ठरला, तोच येथे गुण ठरला.

म्हणून प्रथम स्वतःकडे पाहा. कोणी न सांगता तुम्ही काय करीत बसता? झाडांस पाणी घालता, की धाकट्यांस गणित समजावता? रक्तदानाची घाई नको. त्यास अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. नंतर जाणत्यास विचारा. १८३३ साली पॅरिसमध्ये ज्या विद्यार्थ्यांनी संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संस्था आरंभिली, त्यांतील फ्रेडरिक ओझानाम अवघा वीस वर्षांचा होता. गरिबांच्या घरी कसे जावे, हे त्या विद्यार्थ्यांस सिस्टर रोझाली रांदू यांनी शिकविले. त्या तेथील गरीब वस्तीत वर्षानुवर्षे राबत होत्या. विद्यापीठात शिकणाऱ्यांनाही हे शिकावे लागले, तर तुम्हांस विचारण्याची लाज कसली?

काम महिनाभर करून पाहावे. न जमल्यास सोडण्यात पाप नाही (हे मी धर्मगुरू म्हणून सांगतो!), परंतु न सांगता गैरहजर राहू नये. परीक्षेच्या सकाळी लेखनिक आला नाही, तर त्या मुलीने काय करावे?

ज्यांना विचारावयाचे असेल त्यांनी रविवारी मिस्सानंतर मला भेटावे. येताना आठवड्यातील आपले मोकळे तास कागदावर लिहून आणावेत. मात्र शाळा, शिकवणी आणि क्रिकेट वजा करून.