बीजप्रक्रियेनंतर पेरणीयंत्र पुन्हा जुळवा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



घरी एक प्रयोग करून पाहा. सोयाबीनचे कोरडे बी डब्यातून फरशीवर हळूहळू ओता. ढीग बसका होतो, कारण गोल, गुळगुळीत दाणे एकमेकांवरून घरंगळतात. आता गुळाच्या द्रावणात कालवून रायझोबियम चोपडलेले ओलसर बी तसेच ओता. ढीग उभट राहतो. दाणा तोच, पण पृष्ठभाग चिकट व खडबडीत झाल्याने घर्षण वाढले. सरकीवरील तंतूही असेच एकमेकांत अडकतात, म्हणून आपले वाडवडील सरकी शेणमातीत चोळून मगच पेरत.

हाच अडथळा पेरणीयंत्राच्या पेटीत येतो. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईला बी बोटांना चिकटते हे लगेच कळते. यंत्राला कळत नाही. मी हे शिकलो ते स्वतःच्या फजितीतून. यंत्र जुळवले कोरड्या बियाण्यावर, आणि पेरताना भरले प्रक्रिया केलेले, पुरते न सुकलेले बी. आठवड्याने पाहतो तो ओळीच्या ओळी विरळ! नांग्या भरण्याची मजुरी अंगावर आली ती वेगळीच.

मग बीजप्रक्रिया सोडायची का? मुळीच नाही. बी सावलीत पातळ पसरून सुकवा. उन्हात जिवाणू मरतात. सोयाबीनचे टरफल नाजूक, ते जोराने चोळू नका. आणि जे बी पेरायचे, त्याच बियाण्यावर यंत्र जुळवा.

हिशेब सोपा आहे. सात फण, ४५ सें.मी. अंतर, म्हणजे रुंदी ३.१५ मीटर. गुंठा सुमारे १०१ चौ.मी.चा, तेव्हा ३२ मीटर चालले की एक गुंठा पेरला. चाकाचा घेर २ मीटर असेल तर १६ फेरे. यंत्र उचलून धरा, नळ्यांना पिशव्या बांधा, चाक १६ वेळा फिरवा व बी तोला. एकरी ३० किलो पेरायचे तर एकूण ७५० ग्रॅम भरले पाहिजे, म्हणजे दर नळीला साधारण १०७. एखादी पिशवी हलकी भरली तर त्या नळीत बी अडकते आहे.

पेटीत नको असलेले हे घर्षण चाकाखाली मात्र हवेच. ओल जास्त असली की चाक फिरण्याऐवजी घसटत जाते आणि बी पडत नाही. शेतात ३२ मीटरवर खुंट्या ठोकून फेरे मोजा. १६ ऐवजी १५ भरले तर गुंठ्यामागे ४७ ग्रॅम बी कमी पडले. आधी चाकाच्या दात्यांतला चिखल काढा. तरीही फेरा कमीच भरला तर वापसा येईपर्यंत एक दिवस थांबा.