सह्याद्री आणि आपला माणदेश
(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील भाषण)



मी भूगोलाचा पंडित नव्हे. मॅट्रिक झालेला, तालुका कचेरीतला कारकून. पण पावसाळ्यात रोज पर्जन्यमापकाचा आकडा नोंदवहीत लिहिताना सह्याद्रीची आठवण येतेच. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आपल्या आटपाडीकडे चारशे झाला तरी आपण वर्ष बरे म्हणतो. समुद्रावरचे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढून थंड होतात आणि तिथेच रिते होतात. आपल्या वाट्याला नुसता वारा.

तरीही हा डोंगर आपल्याला परका नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून जो काळा पाषाण झाला, तोच आपल्या गाभाऱ्याला आहे. सह्याद्रीचाच एक फाटा, महादेवाचा डोंगर, पूर्वेकडे आला आहे. त्याच्या एका अंगाचे पाणी कृष्णेला जाते, दुसऱ्या अंगाचे भीमेला. आपली माणगंगा त्याच डोंगरात उगवून भीमेला मिळते. शिखर शिंगणापूरही त्याच रांगेत. चैत्रात सासवडची कावड कऱ्हेचे पाणी घेऊन मुंगी घाटाची उभी चढण चढते. कोरड्या मुलखातल्या देवाला माणसाने काय न्यावे, तर पाणी! यापेक्षा मोठी पूजा मला तरी ठाऊक नाही.

१९७२ च्या दुष्काळात माझे वडील खडी फोडायला जात. पश्चिमेकडे ढग दिसले की म्हणत, "ते तिकडचे हायत, आपले न्हवं." आता टेंभू योजनेने कराडजवळून कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून आपल्याकडे आणले आहे.

अभिषेकाला माणगंगेचेच पाणी हवे, कालव्याचे नको, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. त्यांचा मान ठेवून एक सांगतो. टेंभूच्या वरच्या अंगाला, कराडच्या प्रीतिसंगमावर, कृष्णेला कोयना मिळते. कोयनेवर धरण झाले तेव्हा डोंगरातली गावे देवळांसकट पाण्याखाली गेली. तिथल्या लोकांनी उंबरे सोडले, ग्रामदैवतांच्या जागा सोडल्या. त्यांना त्या जागेवर आपल्यासारखा जीर्णोद्धार करायची सोय उरली नाही. कालव्याच्या पाण्यात त्या कोयनेचेही पाणी आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, एक घागर माणगंगेची घ्यावी आणि एक कालव्याची. समितीने काल रात्री ती मान्य केली.